घडीताईंच्या नावावरचं वाक्य

घडीताईंच्या नावावर एक वाक्य आहे. ते त्यांनी लिहिलेलं नाही. 'मी सुखरूप आहे, काळजी नसावी,' एवढंच ते वाक्य. त्याच्या वर हिरव्या रंगाची खूण आहे, खाली चारशेच्या वर लाल बदाम आहेत, आणि बदामांच्या खाली ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसांनी सोडलेले सुस्कारे. हे वाक्य जगाला दिसलं तेव्हा घडीताई एका हॉटेलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या दोन यंत्रांमधल्या फटीत, मोडलेला डावा हात पोटाशी धरून बसल्या होत्या.

हॉटेल मोठं होतं आणि त्याची लाँड्री सगळ्यात खाली. वरच्या मजल्यांवरून मळक्या चादरी पत्र्याच्या रुंद नळीतून घरंगळत येत आणि धप्पकन सिमेंटच्या हौदात पडत. तिथून यंत्रात, यंत्रातून सुकवणीत, सुकवणीतून गरम रोलरवर. रोलरच्या एका बाजूने दोघी चादर आत सरकवत, दुसऱ्या बाजूने दोघी ती ओढून घेत आणि घडी घालत. ही घडीची जागा घडीताईंची. त्यांची घडी अशी बसायची की खोली साफ करणाऱ्या बाईने चादर पलंगावर टाकून एक झटका दिला की चारी कोपरे आपापल्या जागी जात. नाव त्यावरून पडलं. पगारपत्रकावर दुसरं नाव होतं, पण त्या नावाने हाक मारली तर त्यांना वळून बघायला वेळ लागायचा.

चादरीची घडी एकट्याने होत नाही. समोर माणूस लागतं. घडीताईंच्या समोर उभी असायची ती रेडिओ. वय पंचविशीचं, लग्न नाही, घरी फक्त आई. ही मुलगी सकाळी कामावर येताना जे बोलायला सुरुवात करायची ते संध्याकाळी जिना चढताना थांबायची, म्हणून रेडिओ. दोघी चादरीची टोकं धरून मागे सरत, ताणत, मग एकमेकींच्या दिशेने चालत येत, टोकं हातात देत, पुन्हा मागे सरत. दिवसभर हेच.

"ताई, एकदा तरी माझ्या बाजूने घडी सुरू करा. माझाही हात बसेल," रेडिओ म्हणायची.

"तुझा हात बसेल, तोंड कधी बसेल?"

खाली फोन न्यायला बंदी होती. कुणाचा तरी फोन चादरींबरोबर यंत्रात फिरून निघाला आणि यंत्राचं तोंड बिघडलं, तेव्हापासून सगळ्यांचे फोन वर, जिन्याजवळच्या पत्र्याच्या कपाटात. जेवणाच्या सुट्टीत हातात यायचे. घडीताईंना त्याचं विशेष काही नव्हतं. त्यांच्या फोनवर त्यांचं जे खातं होतं ते त्यांच्या मुलाने उघडलेलं. मुलगा औषधांच्या कंपनीत विक्री अधिकारी, दुसऱ्या शहरात. नोकरी लागून तिकडे जाताना त्याने फोटो काढला, खातं उघडलं, आणि सांगितलं, "आई, तू फक्त बघ. काही दाबू नकोस. मी इकडून सांभाळतो."

आणि तो खरोखर सांभाळत होता. आईच्या खात्यावरून तो नातेवाइकांना शुभेच्छा द्यायचा, भाच्यांच्या निकालाला अंगठे द्यायचा. स्वतःच्या वाढदिवसाला तर त्याने आईच्या नावाने स्वतःलाच आशीर्वाद दिला. तो रेडिओने जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मोठ्याने वाचला होता.

"'माझ्या गुणी बाळा, तू माझ्या आयुष्याचा दीपस्तंभ आहेस.' ताई, हे तुम्ही लिहिलंत?"

"मी? मी त्याला गाढवा म्हणते."

"मग हे कोणी लिहिलं?"

"गाढवाने."

रेडिओ हसता हसता ठसका लागून लाल झाली. दीपस्तंभ हा शब्द मग लाँड्रीत पुढे खूप दिवस चालला. एखादं यंत्र बंद पडलं की तो दीपस्तंभ, मुकादम उशिरा आला की तो दीपस्तंभ. म्हणजे घडीताईंच्या खात्यावर घडीताई नसतात, हे रेडिओला पक्कं ठाऊक होतं. तिच्या आईला ठाऊक नव्हतं. रेडिओनेच आईला फोन शिकवला होता आणि घडीताईंशी जोडून दिलं होतं, पण दीपस्तंभाची गंमत घरी सांगायची राहून गेली. सांगण्यासारखं दुसरं तिच्याकडे रोज इतकं असायचं.

भूकंप दुपारी झाला. जेवणाची सुट्टी होऊन गेली होती, फोन पुन्हा कपाटात गेले होते. रोलरवर चादर चढवणाऱ्या दोघी हौदाशी मळका माल वेगळा करायला गेल्या होत्या. त्या जिन्याच्या जवळ, त्यामुळे निसटल्या. घडीताई आणि रेडिओ चादरीच्या दोन टोकांना उभ्या होत्या. तुळई रोलरवर आली, रोलर टेबलावर, आणि टेबलाखाली रेडिओ कमरेपर्यंत अडकली. घडीताई मागे फेकल्या गेल्या. मग जिन्याकडची भिंत बसली आणि अंधार झाला.

दुसऱ्या शहरात मुलाला साधा हादराही जाणवला नाही. त्याला बातमी समजली ती फोनवरून, आणि फोन मग थांबेनात. मावशी, आत्या, शाळेतले मित्र, ऑफिसातले लोक, सगळ्यांचा एकच प्रश्न. त्याने आईला फोन लावला. तो वाजला, कुणी उचलला नाही. वाजतोय म्हणजे फोन शाबूत आहे, फोन शाबूत आहे म्हणजे आई शाबूत आहे, असा त्याने हिशोब मांडला. फोन पत्र्याच्या कपाटात वाजत होता. मग त्याने आईच्या शेजाऱ्याला गाठलं. शेजारी म्हणाला, "बिल्डिंग उभी आहे, काचा गेल्यात फक्त." त्याच सुमारास आईच्या खात्यावर प्रश्न आला, तुम्ही या भागात आहात असं दिसतं, तुम्ही सुखरूप आहात का? खातं मुलाच्या फोनवर उघडं होतं. त्याने हो दाबलं.

नातेवाइकांचा जीव भांड्यात पडला. बदाम यायला लागले. मुलाच्या साहेबांनीही एक दिला.

घडीताईंचा धाकटा भाऊ नळदुरुस्ती करतो. हादरा बसला तेव्हा तो एका घराच्या मोरीत पाना फिरवत होता. तसाच पिशवी खांद्याला लावून तो हॉटेलकडे निघाला. पुढची बाजू कोसळलेली, दोरी बांधलेली, पहारेकरी कुणाला जवळ येऊ देत नव्हते. पण या हॉटेलच्या गरम पाण्याच्या लाइन त्यानेच टाकल्या होत्या. मागच्या अंगाला पाइपांचा एक अरुंद बोळ थेट लाँड्रीच्या भिंतीपर्यंत उतरतो हे त्याला माहीत होतं. तो मागे वळसा घालायला निघाला तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"परत या. ताई सुखरूप आहेत. त्यांनी स्वतः टाकलंय."

"ताईला कधीपासून टाकता यायला लागलं?"

"मी काय खोटं सांगतेय? उघडून बघा."

त्याने उघडून बघितलं. बहिणीचा फोटो, हिरवी खूण, काळजी नसावी. तो परत फिरला. त्याच्या गल्लीत गच्चीवरची पाण्याची टाकी खालच्या घरावर पडली होती. अंधार पडेपर्यंत तो तिथे राबला आणि एका म्हाताऱ्या जोडप्याला जिवंत बाहेर काढलं. ते दोघे आजही त्याला दुवा देतात. त्याला ते आवडत नाही. रस्त्यात दिसले तर तो गल्ली बदलतो.

दुसऱ्या दिवशी तो बहिणीच्या घरी गेला, नळ तपासायला. दाराला कुलूप होतं. शेजाऱ्याने सांगितलं, "काल सकाळी कामावर गेल्या त्या आल्याच नाहीत. मला वाटलं तुमच्याकडे आहेत." त्याने भाच्याला फोन लावला.

"तुझी आई कुठे आहे?"

"घरी."

"घराला कुलूप आहे."

"मग हॉटेलवर असेल, मामा. सुखरूप आहे ती. मी टाकलंय ना."

नळवाल्याने यावर काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही. त्या दिवशी दुपारी तो पाइपांच्या बोळातून उतरला, भिंतीला भोक पाडलं आणि बहिणीला ओढून काढलं. रेडिओला त्याने हात लावून पाहिलं आणि तिच्या अंगावर चादर ओढली. चादरींना तिथे तोटा नव्हता. रेडिओ आदल्या रात्रभर बोलत होती आणि उजाडायच्या आधी थांबली होती.

घडीताईंचा हात जोडला गेला पण कोपर पुरतं सरळ होत नाही. हॉटेलने दुसऱ्या बाजूला पुन्हा लाँड्री सुरू केली. तिथे त्या आता टॉवेल लावतात. टॉवेलच्या घडीला एक माणूस पुरतं. मुलाने नवा फोन आणून दिला, खातं त्यात आधीच चालू करून. "आता तरी काही दाबू नकोस," असं तो म्हणाला. हे तो गमतीने म्हणाला असावा.

प्लास्टर निघाल्यावर घडीताई रेडिओच्या आईकडे गेल्या. बाजाराच्या टोकाला तिचं छोटं दुकान आहे, बॅगांच्या चेन दुरुस्त करण्याचं. दारात टेबल, टेबलावर पक्कड, मेण, चेनच्या सरकणाऱ्या किल्ल्यांनी भरलेल्या वाट्या. ती मान खाली घालून काम करत होती.

"काय दुरुस्त करायचंय?"

"मी..."

"ओळखते. काय दुरुस्त करायचंय ते सांगा. नसेल तर मागे गिऱ्हाईक उभं आहे."

मागे कुणी नव्हतं. घडीताई उभ्याच राहिल्या. रेडिओच्या आईने पक्कड खाली ठेवली.

"मी विचारलं होतं तुम्हाला. तुमचं वाचलं आणि लगेच खाली लिहिलं, 'ताई, आमची तुमच्यासोबतच आहे ना?' तुम्ही उत्तर दिलंत. 'हो, सगळे सुखरूप.' मग मी कशाला बाहेर पडू? ढिगारे उपसणारी मंडळी दारोदार विचारत आली, कुणी हरवलंय का. मी म्हटलं, आमच्यात कुणी नाही. वर त्यांना पाणी दिलं प्यायला."

घडीताईंनी हे पहिल्यांदा ऐकलं. ते उत्तर त्यांच्या नव्या फोनवर कुठेच नव्हतं.

"मी लिहिलं नाही ते," त्या म्हणाल्या.

"तिथे नाहीच आता ते. पुसलंत तुम्ही. पण पुसायच्या आधी मी दहादा वाचलं होतं."

"माझा फोन वर कपाटात होता. मुलाने लिहिलं."

"मुलगा कुठे होता?"

"त्याच्या गावी."

"त्याच्या गावाहून त्याला माझी मुलगी सुखरूप दिसली?"

बोलल्यावर घडीताईंना स्वतःलाच ते खोटं वाटलं होतं.

"फोन होता तुमच्याजवळ खाली," रेडिओची आई म्हणाली. "स्वतःचं कळवलंत, माझ्या मुलीचंही ठोकून दिलंत. आणि आता पोटच्या पोरावर ढकलताय. बघा, जमतंय का." तिने पक्कड उचलली. त्या दिवसापासून घडीताई बाजाराचं ते टोक टाळून, लांबच्या रस्त्याने कामावर जाऊ लागल्या.

पुढच्या सुट्टीत मुलगा आणि सून आले. घडीताईंनी त्यांना जेवू दिलं आणि मग विचारलं.

"त्या बाईला तू काय उत्तर दिलंस?"

"कुठल्या बाईला?"

"जिचं उत्तर पुसलंस तिला."

मुलाने बायकोकडे पाहिलं. "आई, तेव्हा खाली शंभर प्रश्न होते. आत्या कशी, शेजारचे कसे, अमका कसा. मी एकच ओळ सगळ्यांना चिकटवत होतो. कोण कुठली बाई मला काय माहीत?"

"माहीत नव्हतं तर हो का म्हणालास?"

"लोकांना धीर हवा असतो अशा वेळी."

"मग पुसलंस कशाला?"

"ते... नंतर बरं दिसत नव्हतं."

"बरोबर. ज्याला बदाम होते ते ठेवलंस."

"आई, मी काय तुला मारायला दाबलं का ते बटण? चांगल्यासाठीच दाबलं ना?" त्याचा आवाज चढला. "बिल्डिंग उभी होती. फोन वाजत होता. कुणीही हेच केलं असतं."

हे खरं असेलही. घडीताईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्यांचं मागणं लहान होतं. "एवढंच लिही, की ते तू लिहिलंस. दोन्ही."

"आणि त्याने काय होणार? ती परत येणार आहे?"

"ती नाही येणार. मला त्या दुकानाच्या पायरीवर उभं राहता येईल."

सून आतापर्यंत ताटं आवरत होती. ती म्हणाली, "आई, यांच्या ऑफिसातले सगळे आहेत त्यात. लोक काय म्हणतील, आईच्या नावाने हे लिहितात? उद्या त्या बाईने तक्रार केली तर? हवं तर ती पोस्टच काढून टाकू आपण."

"काढलीत तर मी पुसलं असं ती म्हणेल. आधीच म्हणतेय."

"मग काय करू म्हणतेस?" मुलाने विचारलं.

"सांगितलं ना."

"बघतो," तो म्हणाला. जाताना पाया पडला. बघतो म्हणजे काय ते घडीताईंना समजलं, कारण लहानपणी अभ्यासाचं विचारलं की तो हेच म्हणायचा.

वर्ष गेलं. भूकंपाच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन किणकिणला. पडद्यावर त्यांचाच फोटो, हिरवी खूण, तेच वाक्य, आणि वर लिहिलेलं, 'एक वर्षापूर्वीची तुमची आठवण. पुन्हा सर्वांना दाखवायची का?'

घडीताईंनी त्या दिवशी सुट्टी घेतलेली होती. त्या खाटेवर बसल्या, फोन मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताच्या एका बोटाने लिहायला लागल्या. एकेक अक्षर शोधावं लागत होतं. भाऊ पाण्याचा मीटर बदलायला आला होता. त्याने विचारलं, "लिहून देऊ का?"

"नको. लिहून दिलेलं पुरे झालं."

त्याने मीटर बसवला, चहा स्वतःच करून प्यायला, आणि तरी त्या लिहीतच होत्या. शेवटी त्यांनी दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी असं लिहिलं होतं:

'मागच्या वर्षी या दिवशी मी सुखरूप नव्हते. मी तळघरात होते. मी सुखरूप आहे हे माझ्या मुलाने त्याच्या गावाहून लिहिलं. सगळे सुखरूप हेही त्यानेच लिहिलं आणि मग पुसलं. आमच्यातली एक सुखरूप नव्हती. हे मी स्वतः लिहिते आहे.'

भाऊ खुर्चीवर बसून आपल्या फोनवर उत्तरं वाचून दाखवू लागला. एका नातेवाइकाने लिहिलं, तुमच्या जिद्दीला सलाम. दुसऱ्याने लिहिलं, वर्षपूर्तीच्या हार्दिक शुभेच्छा. आत्याने नुसते जोडलेले हात पाठवले. कुणा एकाने विचारलं होतं, हॉटेलच्या जुन्या चादरी विकायच्या असतात का.

"कुणी वाचलंय का यातलं?" घडीताईंनी विचारलं.

"बदाम बरेच आलेत," भाऊ म्हणाला.

मुलाचा फोन यायला लागला. घडीताईंनी तो वाजू दिला. मग पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि बाजाराच्या त्या टोकाला गेल्या.

रेडिओच्या आईसमोर एक लांबलचक खोळ पसरलेली होती, गादीवर चढवायची असते तशी. तिची चेन तीन बाजूंनी फिरलेली आणि एका टोकाला दात सुटलेले. एकटीला आवरत नव्हतं. एक टोक धरलं की दुसरं टेबलावरून घसरत होतं. तिचा फोन वाट्यांच्या मध्ये उभा टेकवलेला होता. घडीताई दिसल्यावर तिने त्याच्याकडे बोट दाखवलं.

"वाचलं मी. बरं लिहिलंत. मुलगा, गाव, सगळं आलंय. वर्षभर जुळवत होतात वाटतं."

"मी खरं तेच लिहिलंय."

"तेव्हाही तुमच्याच नावाने होतं आणि आताही तुमच्याच नावाने आहे. मी कुठलं खरं धरू? वरचं की खालचं?" खोळ पुन्हा घसरली. रेडिओच्या आईने तोंडातल्या तोंडात तिला शिवी दिली. मग म्हणाली, "आलाच आहात तर धरा जरा. घट्ट. दोन्ही हातांनी."

घडीताईंनी पिशवी पायाशी ठेवली. स्टुलावर बसून खोळीची दोन टोकं दोन हातांत धरली आणि ताणली. डावं कोपर जेवढं जात होतं तेवढं. रेडिओची आई पकडीने एकेक दात सरळ करत त्यांच्या दिशेने येऊ लागली. पिशवीतला फोन वाजून वाजून थांबला.

थोड्या वेळाने वाट्यांमधला फोन किणकिणला. रेडिओच्या आईने कामातून सहज वर पाहिलं आणि तिचा हात थांबला. तिने चष्मा नीट केला.

"तुमचं आलंय," ती म्हणाली.

"माझं काय आलंय?"

रेडिओच्या आईने वाचलं. ती हळू वाचते, प्रत्येक शब्द सुटा. "'नमस्कार. सकाळी कोणीतरी माझं खातं हॅक करून माझ्या नावाने खोटा मजकूर टाकला होता. तो मी काढला आहे. कृपया कुणी विश्वास ठेवू नये. मी घरी आहे, मजेत आहे. काळजी नसावी.'"

तिने फोनकडे पाहिलं. मग घडीताईंकडे, त्यांच्या दोन हातांकडे आणि त्या हातांतल्या खोळीकडे. मग खाली, पायाशी ठेवलेल्या बंद पिशवीकडे. पडद्यावर घडीताईंच्या फोटोशेजारी पहिला बदाम आला, मग दुसरा.

"म्हणजे तुम्ही आत्ता घरी आहात," रेडिओची आई म्हणाली.

"मजेत," घडीताई म्हणाल्या.

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. रेडिओची आई पुन्हा खाली बसली, पण पक्कड तिने उचलली नाही. वर्षभर तिने एका बाईला शिव्याशाप दिले होते आणि ती बाई चुकीची होती. पण हे समजून तिला बरं वाटलं असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. वर्षभर राग धरायला माणूस तरी समोर होतं. आता दुसऱ्या गावी कुठेतरी एक माणूस बसला होता, ज्याने तिच्या मुलीचा विचारच केला नव्हता. तिचं वाईटही चिंतलं नव्हतं.

"मी पण बदाम दिला होता त्याला," ती म्हणाली. "मागच्या वर्षीच्याला. अजून असेल तो तिथे."

"असेल."

"तो काढता येतो का?"

"मला माहीत नाही. मला यातलं काही येत नाही."

रेडिओची आई जरा वेळ चेनचे दात बोटाने चाचपत राहिली. मग तिने तो प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता, आणि जो ऐकण्यासाठी घडीताई त्या दिवशी आल्या होत्या.

"काय म्हणत होती ती? खाली."

घडीताईंनी वर्षभर हे कुणाला सांगितलं नव्हतं. भावाला तर नाहीच.

"बोलत होती. तुम्हाला माहीत आहे ती कशी. पाय दुखतायत म्हणाली, मग दुखायचे थांबले म्हणाली. माझी थट्टा केली, की आता तरी माझ्या बाजूने घडी सुरू करा. माझ्या भावाला पाइपांची वाट माहीत आहे, तो येईलच, हे मीच तिला सांगत होते. ती वाट बघत होती त्याची. आवाज आला की म्हणायची, आला बघा मामा."

"आणि माझं?"

"तुम्ही बाहेर रस्त्यावर धावत असाल, याची तिला काळजी होती. शेवटी शेवटी तेच म्हणत होती. 'कुणीतरी आईला कळवलं म्हणजे झालं.'"

रेडिओच्या आईने पक्कड उचलली.

"कळवलं ना," ती म्हणाली. "ते टोक ढिलं पडतंय. नीट धरा."